तळ्याकाठचा पाऊण किलोमीटर

चार माणसं रोज एकाच रस्त्यावर यायला लागली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे त्या दुष्काळात पाणी साचलं नाही, किस्से मात्र लई साचले!

देवीच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आमच्या दूध सोसायटीने तळ्याकाठी चालायला आणि सायकलीला पाऊण किलोमीटरचा फरशीचा ट्रॅक केला. देखरेखीला मी. चेअरमन अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "उन्हाळ्यात जिल्ह्याचं सायेब बघाया येणार. मानसं चालताना दिसली न्हाईत, तर ट्रॅक बंद अन् तू घरी!"

माझं नुकतंच लग्न झालेलं, नोकरी टिकवायलाच हवी होती.

पहिला पाहुणा पुण्याचा, पायात भारी बूट. ट्रॅक संपवून विचारतो, "तळं कुठे आहे?"

नामदेवदादा तिथेच शेळ्या राखत होते. म्हणाले, "आनखी दोन किलोमीटर जावा. तितं चिखल हाय!"

पाहुणा खरंच गेला. परतला तेव्हा बूट हातात होते.

मग ऊन तापलं. शेजारच्या वस्तीवरच्या कौसाकाकूंनी अख्ख्या ट्रॅकवर कुरडया वाळत घातल्या!

मी म्हटलं, "काकू, लोकांनी चालायचं कुठून?"

"कडंकडंनं! अन् चालतेतच तर कावळे बी हाकतील की."

दुसऱ्या दिवशी एक डॉक्टर टॉवेल फिरवत चार फेऱ्या मारून गेले. जाताना काकूंनी त्यांना मूठभर कुरडया बांधून दिल्या.

एकदा नामदेवदादांनी हट्टाने सायकल घेतली. पुढे दादा, मागे साठ शेळ्या, सगळे सुसाट!

मी ओरडलो, "दादा, ब्रेक दाबा!"

"माझं थांबंल बे, ह्येंचं काय?"

शेवटी साहेब आले. टळटळीत दुपार. मी हातापाया पडून चाळीस माणसं गोळा केली आणि ट्रॅकवर चालायला लावली. साहेब माझ्यासोबत चालत वहीत लिहीत होते. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या रस्त्याने चारा छावणीवरून रिकामी ट्रॉली घेऊन अण्णा ट्रॅक्टरवर आले. उन्हात पायी चाललेलं माणूस बघून गाडी पुढे काढणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. अण्णांनी कचकन ब्रेक मारला.

"आरं, पायी कावून चाललात? बसा की!"

चाळीसच्या चाळीस ट्रॉलीत! ट्रॅकवर उरलो मी आणि साहेब.

साहेबांनी वही मिटली, घाम पुसला आणि हाक मारली, "ओ अण्णा, जरा सरकून घ्यायला सांगा. दोघं आहोत!"