श्वासाची जागा

तो उजव्या हाताचं बोट वर करायचा आणि म्हणायचा, "थांब रे, वायच आयक." चहाचे ग्लास हातात धरून आम्ही सगळे गप्प. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, कॅसेट भरणाऱ्या एका कारखान्यात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. मी नोंदी लिहायचो, तो तपासायचा. प्रत्येक खोक्यातली एक कॅसेट काढून, हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, एवढंच त्याचं काम. मालवणकडचा माणूस, इंग्रजीचा गंध नाही. आणि नशिबी आला तो इंग्लंडातल्या चार पोरांचा बँड.

तो बँड जगभर गाजला हे तुम्हाला रेडिओमुळे कळलं असेल. आम्हाला मशिनींवरून कळलं. पहिल्या गाण्याला एक मशीन लागली, दुसऱ्याला सगळ्या लागल्या, तिसऱ्यानंतर आमचा रविवार गेला. "काय बोलतत ता त्यांच्या आवशीक तरी समाजता काय?" असं म्हणत तो तेच गाणं दिवसातून वीसदा ऐकायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याने अख्खा माल नापास केला होता. त्या पहिल्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी आवाज फाटतोय, म्हणाला. साहेबांनी मूळ टेप लावली. फाटत काही नव्हतं, गाणारा पोरगा तिथे जोरात श्वास घेत होता. आम्ही पोट धरून हसलो. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "दमलो असतलो रे तो." त्यानंतर टेबलावरच्या स्पीकरवर ते गाणं लागलं की श्वासाच्या क्षणभर आधी त्याचं बोट वर व्हायचं. कधी चुकलं नाही.

मग एका दुपारी ते उशिरा वर झालं. महिन्याभराने तर कडवं संपल्यावर. रोज आठ-दहा तास हेडफोन, आवाज दर महिन्याला थोडा वाढवलेला. कान गेले होते. मी विचारलं तर माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "माका आयकाक येता." त्याच्या दोन मुली शाळेत होत्या. मी वर्षभर गप्प बसलो.

पुढे दुकानदारांकडून माल परत आला. कॅसेटची एक बाजू कोरी होती. साहेबांनी विचारलं, तपासलं कोणी? नोंदीखाली माझीही सही होती. मी घाबरलो. "त्याला ऐकू येत नाही साहेब. आम्हाला काय माहीत," असं म्हणालो आणि तसं लिहूनही दिलं. त्याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळी त्याने हेडफोनची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

गेल्या वर्षी, इतक्या काळाने, घाटकोपरला त्याच्या मुलीकडे त्याला भेटायला गेलो. टीव्हीवर तोच बँड पुन्हा एकत्र येऊन गात होता, पोरांची टकलं पडलेली. आवाज बंद होता. तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. बोट वर गेलं, आणि गाणाऱ्याने छाती भरून श्वास घेतला. मग माझ्याकडे वळून नको तितक्या मोठ्याने म्हणाला, "तुका म्हायत होता ना रे?"

मी होकारार्थी मान हलवली. मुलगी चहा घेऊन आली. "चाय घे, थंड होतली," तो म्हणाला.

दिवाळीनंतर तो गेला. स्मशानातून घरी येऊन, आंघोळ करून मी फोनवर ते गाणं लावलं. जुनी गाणी हल्ली साफसूफ करून नव्याने काढतात. शेवटच्या कडव्याआधी माझं बोट आपोआप वर गेलं.

श्वास आलाच नाही. खराबी समजून कोणीतरी तो काढून टाकला होता.