कडुलिंबाखालचे आजोबा

किस्से जमवायचे म्हणून जमत नाहीत, ते आपोआप साचतात. घरात रिकामे डबे साचतात ना, तसे. आमच्या रविवारच्या मंडळीचे एवढे साचले आहेत की कोणाच्या घरी बारसं असो नाहीतर तेरावं, चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, बागेतला तो सांगा ना." मी सांगतो. लोक हसतात. मला मात्र त्यातले निम्मे सांगताना कानशिलं गरम होतात, आणि एक तर मी आजवर कोणाला सांगितलेलाच नाही. आज सांगून टाकतो एकदाचा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नागपुरात तेव्हा दर तिसरा माणूस कवी आणि दर चौथा नाटकात होता, आणि रविवारी दुपारी हे सगळे लकडगंजाकडच्या एका बागेत यायचे. एका झाडाखाली नाटकाची तालीम, दुसऱ्याखाली बासरी, मधल्या हिरवळीवर चार ट्रान्झिस्टरांवर एकाच मॅचची कॉमेंट्री, आणि झोपाळ्यापाशी पोट्ट्यांची मारामारी. त्यात आम्ही तिघं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर, वानखेडे दुकानांचे बोर्ड रंगवणारा, आणि कुसुमताई पोस्टात कारकून. मांडीवर स्केचबुक ठेवून आल्यागेल्या माणसांची चित्रं काढायची. नियम एकच, तोही वानखेडेचा. ज्याचं चित्र काढतो त्याला कळू द्यायचं नाही.

"सांगतलं का माणूस फोटोले बसल्यावानी बसते," तो म्हणायचा. जो पकडला जाईल त्यानं बाकीच्यांना चहा पाजायचा.

*

पहिल्यांदा पकडला गेला तो नियम करणाराच. एक गृहस्थ हिरवळीवर रेलून संत्री खात होते. वानखेडेला त्यांचं पोट भारी आवडलं. तो त्या पोटात इतका रंगला की गृहस्थ उठून मागे येऊन उभे राहिले तरी त्याला पत्ता नाही.

"काहून गा, माझं पोट एवढं हाये?"

वानखेडे घाबरला. खिशातून खोडरबर काढला आणि त्यांच्यादेखत पोट निम्मं करून दाखवलं. गृहस्थांनी चित्र नीट पाहिलं, मान डोलावली आणि शर्ट वर करून म्हणाले, "हे झालं. आता हे कधी पुसून देता?"

त्या दिवशी वानखेडेनं चहा चौघांना पाजला.

*

बागेच्या माळ्याची एक तक्रार होती. लोक गुलाब तोडून नेतात. वानखेडेनं त्याला फुकटात एक बोर्ड रंगवून दिला, 'फुले तोडू नयेत'. खाली एक गुलाब काढला. काय गुलाब होता तो! आम्ही तिघं दोन रविवार त्याच्यापुढेच बसून होतो.

तिसऱ्या रविवारी माळी फाटकातच भेटला. चेहरा पडलेला.

"तोडलीत का पुन्हा फुलं?" मी विचारलं.

"फुलं हायेत जशीच्या तशी," तो म्हणाला. "बोर्ड तोडून नेला."

*

कुसुमताईंचा हात आमच्या दोघांपेक्षा चांगला होता, हे मी तेव्हा कबूल करत नसे. मेंदीच्या कुंपणामागच्या बाकावर एक मुलगा आणि एक मुलगी येऊन बसायची. तो संत्रं सोलायचा, ती खायची. ताईंनी ते चित्र असं काढलं की मुलीच्या साडीच्या चौकटीसुद्धा मोजून घ्याव्यात. आम्ही फार वाहवा केली. त्या भरात ताई स्केचबुक ऑफिसात घेऊन गेल्या.

साहेबांनी कौतुकानं पानं उलटली. एका पानाशी थांबले.

"ही साडी मी दिवाळीला आणली होती," ते म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, "मुलगा काय करतो, ते नाही काढलंत?"

इथे लोक हमखास हसतात, म्हणून मी इथेच थांबतो. पण ती मुलगी त्यानंतर त्या बाकावर दिसली नाही. तिचं लग्न झालं की तिचं घराबाहेर पडणं बंद झालं, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. कुसुमताईंनी ते पान फाडून टाकलं आणि पुढे महिनाभर नुसती झाडं काढली.

*

आता माझा. हाच तो न सांगितलेला.

बागेच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली एक म्हातारा बसायचा. मळकं धोतर, खांद्यावर दुपट्टा, काठी गुडघ्याला टेकवलेली. दोन वर्षं, दर रविवारी. आम्ही तिघांनी मिळून त्याची किती चित्रं काढली त्याला गणती नाही. एकदाही त्याच्याशी बोललो नाही, नाव विचारलं नाही. नियम होता ना! शिवाय तो तास तास हलायचा नाही, आमचं कामच सोपं व्हायचं. मला वाटायचं, याला जायला दुसरी जागाच नसेल.

एका प्रदर्शनाला मी त्याचं कोळशानं काढलेलं चित्र दिलं. फॉर्मवर चित्राला नाव लिहायचं होतं. मी क्षणभरही विचार न करता लिहिलं, 'बेवारस'. आणि लिहून वर खूश झालो. सांगायला लाज वाटते, पण झालो. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात छापून आलं, खाली ठळक अक्षरांत ते नाव.

पुढच्या रविवारी म्हातारा उठून आमच्याकडे आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. हातात पेपरची घडी.

"मास्तर, हा मीच होय ना?"

"हो, आजोबा."

"आरामशीनवरच्या पोट्ट्यानं आणून देला. मी तिथंच लाकडं चिरत होतो, चाळीस साल. नथ्थूजी म्हणतेत मले." त्यानं पेपर उलगडून माझ्यापुढे धरला. "खाली काय लिहून हाये गा? चष्मा घरीच राह्यला."

वानखेडे झोपाळ्याकडे पाहू लागला.

"कडुलिंबाखालचे आजोबा," मी वाचून दाखवलं.

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "अच्छा," म्हणाला, आणि पेपर घडी करून बंडीच्या खिशात घातला. जाता जाता वळला. "तुमच्या चित्राच्या कापीया उघडल्या का मी खाजवतबी नाही. मान हालली का चित्र बिघडते ना तुमचं."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आम्हाला सोपं जावं म्हणून तो दोन वर्षं हलला नव्हता.

"मास्तर, आज चहा तुमच्याकडे," कुसुमताई म्हणाल्या, आणि चहा न घेताच घरी गेल्या.

पुढच्या रविवारी कडुलिंबाखाली कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्याही रविवारी नव्हतं. मी चित्रं काढायला बसायचो आणि पान कोरं घेऊन उठायचो. शेवटी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर लकडगंजात गेलो. ठरवून गेलो होतो, त्याचं घर विचारायचं, जे लिहिलं ते सांगायचं, माफी मागायची. आरामशीनच्या फाटकापर्यंत गेलो. आत लाकूड चिरायचं काम चालू होतं, भुसा उडत होता. एकानं विचारलं, "कोण पाहिजे भाऊ?"

"कोणी नाही," मी म्हणालो आणि सायकल वळवली. रोज चाळीस पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस मी.

चौथ्या रविवारी बाग नेहमीसारखी भरलेली होती. बासरी चालली होती, तालमीतला राजा ओरडत होता. तेवढ्यात वानखेडेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मास्तर, तिकडं पाहा."

फाटकातून नथ्थूजी येत होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांवर चष्मा. मागे त्यांची बायको, मागे दोन मुलगे, डोक्यावर पदर घेतलेल्या दोन सुना, तीन नातवंडं चालत आणि एक कडेवर. सगळे सणाच्या कपड्यांत. आमच्याकडे न बघता ते सरळ कडुलिंबाखाली गेले. नथ्थूजी आपल्या जागेवर बसले आणि एकेकाला बसवू लागले. "तू जरा सरक गा. पोराले इकडं घे वं, तोंड दिसून नाही राह्यलं त्याचं."

सगळे बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काढा, मास्तर," ते म्हणाले. "मोजून घ्या. कोणी सुटलं नाही पाहिजे."

त्यांनी काठी गुडघ्याला टेकवली, आणि कडेवरच्या पोरासकट दहाही जण हलायचे थांबले.