समासातलं भांडण

थोरल्या पाळकसाहेबांच्या पोटात दुखायचं ते धाकट्या पाळकांच्या वाचनामुळे. चर्चमधली उपासना संपली की धाकटे नुकतंच वाचलेलं पुस्तक उंच धरून श्रद्धा, संस्कृती, शास्त्र यांवर चार शब्द बोलत, आणि मंडळी थोरल्यांना ओलांडून त्यांच्याभोवती गोळा होत.

“तुम्हीही वाचा की,” पाळकीणबाई म्हणाल्या. “नुसते जळता कशाला?”

“जळतंय कोण? त्यांचं वाचन उथळ आहे, एवढंच!”

हे सिद्ध करायला साहेबांनी तेच पुस्तक मागून आणलं आणि चुका काढायला पेन्सिल घेऊन बसले. पण चुका काढता काढता गडी रंगला. वचनं, शंका, लेखकाशी कडाक्याचं भांडण, असा सगळा समास भरला. खोडायचं राहूनच गेलं आणि पुस्तक तसंच परत गेलं.

रविवारी धाकट्यांनी ते पुन्हा उंच धरलं. “पुस्तकापेक्षा साहेबांनी समासात लिहिलंय तेच मोलाचं आहे,” म्हणत त्यांनी ते वाचून दाखवलं. मंडळी भारावली, पण गराडा पडला तो धाकट्यांनाच. “काय मोठं मन हो तुमचं!”

“आता तरी खूश ना?” घरी बाईंनी विचारलं.

“खूश कसला! माझंच लिहिणं, आणि मेल्याने वाचलं माझ्यापेक्षा झकास!”