मामाच्या हातची खीर

चूक माझी होती, आणि बारा वर्षं ती मी दुसऱ्याच्या नावावर राहू दिली. गेल्या महिन्यापर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं – बायकोलाही नाही.

जैनथजवळच्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवतो. मुलगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा त्याचं उष्टावण केलं. आमच्यात पहिला घास मामा भरवतो. माझा मेहुणा दिनकर वांकिडीत शिलाईकाम करतो. तो आला, घरून खीर घेऊन. आठ दिवसांत पोराच्या हातापायाची बोटं सुजली. हात लावला की किंचाळायचं.

"काऊन आणली त्यानं खीर?" आई म्हणाली. "हातच वाईट त्याचा."

पुढे रक्त तपासलं. अहवाल आणायला आदिलाबादला मी एकटाच गेलो. सिकलसेल. आईबापाकडून एकेक बिघडलेलं जनुक आलंय, डॉक्टर म्हणाले. मग सहा महिने पोर ठणठणीत कसं होतं? मी विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं. पोटात असताना बाळाच्या रक्तपेशी वेगळंच जनुक वापरतात – ते चांगलं असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं, मोठेपणीचं चालू होतं. बिघाड त्या दुसऱ्यात. तो आधीपासून तिथंच होता, फक्त मिटलेला. आणि उघडायची वेळ – साधारण उष्टावणाचीच.

घरी येऊन काय सांगितलं? रक्ताचा आजार आहे, औषधं द्यायची. बस. कुठून आला ते नाही. समजावून सांगणं तर माझं कामच होतं – पण खिरीवरचं बोट निघालं असतं तर माझ्या रक्ताकडे वळलं असतं. घाबरलो.

दिनकरचं येणं थांबलं. माझी बायको सुनंदा माहेरी जायची ती पोराला घरी ठेवून. आणि मी? दरवर्षी वर्गात शिकवत होतो – प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, कोणतं कधी चालू करायचं हे पेशी ठरवते. फळ्यावर आकृती काढायचो. आज त्याचाच धक्का बसतो.

गेल्या महिन्यात सुनंदाच्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं उष्टावण होतं, वांकिडीला. सगळे मामासाठी थांबले. दिनकर अंगणातल्या नळावर साबणानं हात धूत होता – किती वेळ, कोण जाणे. मग आत आला आणि वाटी माझ्यापुढं धरली.

"तुमीच भरवा, भाऊजी. माह्या हातानं नको."

म्हणजे त्यालाही ते खरं वाटत होतं? इतकी वर्षं? आणि मी – मी वाटी हातात घेतलीसुद्धा होती.

ती परत त्याच्या हातात दिली. सुनंदा समोरच उभी होती.

"दिनकर, चुकलं माह्यं. तुह्या खिरीत काही नव्हतं. पोराचा आजार माह्या रक्तातून गेला – अर्धा माह्याकडून, अर्धा सुनंदाकडून. तिलेबी मी सांगितलं नाही. मले बारा वर्षांपासून माहीत होतं."