पाऊण नंबरचा चष्मा

गजेंद्र मोहित्यांनी चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं आणि प्रत्येक तपासणीत त्यांचा लांबचा नंबर शून्य निघाला. पुढचा सिग्नल सहकाऱ्याच्या आधी आपल्याला दिसतो, याचा त्यांना भारी अभिमान. पेपर वाचायला चष्मा लागायचा, पण तो पन्नाशीनंतर सगळ्यांनाच लागतो. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी फिरणं बंद पाडलं, तेव्हा समा भागातल्या घराजवळ नव्याने उघडलेल्या एअर पिस्तुलाच्या रेंजवर त्यांनी नाव घातलं. एका जागी उभं राहायचं आणि नेम धरायचा! हा खेळ आपल्यासाठीच काढलाय, असं त्यांना वाटलं.

तिथे शिकवणाऱ्या फाल्गुनीबेननी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, टार्गेट दिसतंय?"

"लख्ख! वर्तुळंसुद्धा मोजून दाखवतो."

"एज तो प्रॉब्लेम छे ने. टार्गेट धूसर असलं तरी चालतं. नळीच्या टोकावरचा हा काळा खुंट आहे ना, फोरसाइट, तो स्वच्छ दिसला पाहिजे."

खुंट कसला! तिथे नुसती मळकट सावली होती. दहा मीटरवरचं सगळं दिसतं आणि स्वतःच्या हातात धरलेलं दिसत नाही, म्हणजे काय? मोहिते चडफडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरचा चष्मा लावला. फोरसाइट आणखीच विरघळला. मग ते पाणीगेटला वसंतभाईंच्या चष्म्याच्या दुकानात गेले. वसंतभाईंनी लांबचं-जवळचं सगळं एकाच काचेत दाखवणारा चष्मा गळ्यात मारला. त्यातून फोरसाइट दिसायचा, पण हनुवटी छताकडे केली तरच. आठवडाभर तशी मान करून छरे मारल्यावर मान आखडली आणि सगळे छरे टार्गेटच्या वरच्या कडेला जाऊन बसले.

मोहिते पुन्हा दुकानात. "मला मधलं अंतर पाहिजे. पुस्तकाच्या पुढचं."

"एटले कम्प्यूटरचं?"

"त्याच्याही पुढचं!"

"काका, त्याच्या पुढे माणूस बघतो तरी काय?"

पिस्तूल, असं भर दुकानात मोठ्याने सांगितल्यावर बाकावर बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. मोहित्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी कांचनताईंनी नवऱ्याची चिडचिड ऐकून घेतली. मग शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली आणि म्हणाल्या, "चला रेंजवर. अंतर नुसतं सांगत काय बसायचं, मोजून टाकू."

"बायको टेप घेऊन येणार? लोक हसतील."

"आत्ता काय कौतुक करताहेत?"

फाल्गुनीबेननी सगळ्यांना थांबायला लावलं, रिकामं पिस्तूल मोहित्यांच्या हातात दिलं आणि कांचनताईंनी डोळ्यापासून खुंटापर्यंत टेप धरली. चौतीस इंच. तो आकडा त्यांनी कागदावर लिहून घेतला. दुकानात तो कागद पाहून वसंतभाई पहिल्यांदाच गंभीर झाले. चाचणीची एकेक काच बदलत शेवटी पाऊण नंबरावर येऊन थांबले. भिंतीकडे पिस्तुलासारखा रोखलेला हात बघताना मोहित्यांना स्वतःच्या नखाची कड दिसली.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात सतरा जण होते. चाळीस छरे मारायचे. नवा चष्मा लावल्यावर खुंट काळाभोर, कडा कोरल्यासारख्या. पण शेजारच्या छोट्या पडद्यावर उमटणारे गुण मात्र त्याच चष्म्यातून वाचता येईनात! मोहिते प्रत्येक छऱ्यानंतर तो काढायचे, पेपरचा लावायचे, गुण बघायचे, चरफडायचे, पुन्हा चष्मे बदलायचे. त्यातच धुरकट टार्गेट त्यांना बघवेना, म्हणून नजर सारखी पलीकडे पळायची. पहिल्या दहा छऱ्यांत एकसष्ट गुण आले, पुढच्या दहांत त्याहून कमी. एकदा तर पेपरच्याच चष्म्याने छरा मारला आणि तीन गुण मिळाले.

घड्याळाकडे बघितलं तर निम्म्याहून जास्त वेळ चष्म्यांच्या उस्तवारीतच गेला होता.

"गेले उडत तुमचे गुण!" ते पुटपुटले, पेपरचा चष्मा खिशात कोंबला आणि पडद्याकडे पाठ होईल असं थोडं वळून उभे राहिले. आता बघायला एकच गोष्ट उरली होती, खुंट. ती त्यांनी बघितली. छरा कुठे लागला, चांगला की वाईट, काही कळत नव्हतं आणि त्याचाही राग येत होता. तरी वीस छरे त्यांनी तसेच रागारागात मारले.

दहा-दहा छऱ्यांच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत एकोणऐंशी आणि ब्याऐंशी आले. एकूण क्रमांक चौदावा.

"काका, पछीचे, शेवटचे वीस छरे मस्त! तेवढेच धरले तर तुम्ही पाचवे," फाल्गुनीबेन म्हणाल्या.

"तेवढेच कोण धरतं?" मोहिते खेकसले. "आणि त्या हॉलमध्ये दिवे आहेत की पणत्या?"

रिक्षात बसल्यावर कांचनताईंनी विचारलं, "मग, सोडायचं का हे?"

"सोडायचं? पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा आहे, ज्येष्ठांना सगळ्यांना खुली. आधी रिक्षा पाणीगेटला घ्यायला सांग. त्या वसंताला विचारतो, अंधाऱ्या हॉलसाठी वेगळी काच का नाही सांगितली म्हणून."