पोत्यावरचे डाग

काळजी लागली की शाईस्ता झाडू हातात घ्यायची. रिकामं बसणं तिला जमत नसे. मांजरसुंब्याच्या चौकापलीकडे तिच्या नवऱ्याचं, युसूफ मिस्त्रीचं गॅरेज, आणि मागेच घर. युसूफचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून उत्तरेश्वरच्या टेम्पोचा गिअरबॉक्स त्यांच्या लेकीनं, जोयानं उघडला होता. तिचं एकटीचं हे पहिलंच मोठं काम. लिंबागणेशच्या उत्तरेश्वरची सीताफळं उतरून झाली होती. संध्याकाळी माल निघाला नाही तर मऊ पडणार. आणि मग पोरीच्या हाती पुन्हा गाडी कोण देणार?

या घोरात शाईस्तानं अंगण झाडायला घेतलं. वाटेत पोत्यावर मांडलेले सुटे भाग आले, ते घमेल्यात गोळा करून तिनं डिझेलनं लख्ख धुतले. तेवढीच पोरीला मदत.

जेवून आलेली जोया घमेल्याकडे बघतच राहिली. भाग निघेल तसा ओळीनं मांडायचा आणि बसवताना शेवटच्यापासून उलटं यायचं, ही युसूफच्या गॅरेजची रीत. ती ओळच आता मोडली होती. जोया ओरडली असती तर शाईस्ताला बरं वाटलं असतं. पण जोया नुसती उकिडवी बसली, एखादं दात्यांचं चाक उचलायची, परत ठेवायची.

तेवढ्यात उत्तरेश्वर डोकावला आणि जोयाला म्हणाला, "मिस्त्रीणबाई, सीताफळं माझं ऐकत न्हाईत. उद्या पिका म्हणलं तरी आजच पिकतेत."

तो गेल्यावर शाईस्तानं बीडहून दुसरा मिस्त्री बोलवायचं काढलं. युसूफनं खाटेवरूनच तिला थांबवलं आणि जोयाला विचारलं, "सगळं घमेलं कशाला बघतीस? शेवटी काय काढलं हुतंस, तेवढंच शोध."

"बेअरिंग. पण तसली लई हायेत, अब्बा."

शाईस्ता एकदम उठली. पोतं धुवायला म्हणून भिंतीवर टाकलं होतं, ते अजून तसंच होतं. तिनं ते अंथरलं. ऑइलचे काळे डाग ओळीनं उमटलेले होते, शेवटचा गोल. जोयानं एकेक बेअरिंग त्यावर ठेवून पाहिलं. एक बरोबर बसलं. मग तिनं घमेलं पाठीमागे सारलं आणि मागे वळून लागेल तेवढाच भाग घेऊ लागली. डाग एकमेकांत मिसळले होते तिथं बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. अजून किती राहिलं, हे शाईस्ताच्या ओठांवर येई आणि ती गिळून टाकी.

दिवस कलताना क्रेट भरून उत्तरेश्वर टेम्पो घेऊन घाटाकडे निघाला. शाईस्ता रस्त्यावर कान देऊन उभी राहिली.

"तिसरा गिअर पडला का गं?"

"पडला. चौथ्याचं घाट उतरल्यावर कळंल." जोया टायरच्या ढिगावर टेकली. आईचा हात पोत्याकडे गेलेला पाहून म्हणाली, "अम्मी, ते राहू दे. त्यो फोन करंपतोर तू बस हितं, माझ्याजवळ."

शाईस्ता बसली. कान रस्त्याकडेच होते.