टाकीमागची बस

बुधवारा नावाच्या मोहल्ल्यातल्या एका छोट्या शाळेत मी केजीच्या मुलांना शिकवते. मागच्या वर्षी आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "मुलांनाच विचारा, खेळणं म्हणजे काय, शिकणं म्हणजे काय. एका वहीत लिहून ठेवा. आपल्या दोघींतच राहील." सहा वर्षं आम्ही दुपारी एकत्र डबा खात होतो. मी दुसरा विचार केला नाही.

एकेका मुलाला घेऊन मी व्हरांड्याच्या टोकाला बसायचे. बहुतेक मुलं मला बरं वाटेल असंच बोलली. एका मुलीनं मात्र आधीच विचारलं, "किसी को बोलोगे नहीं ना, दीदी?" तिचं घर मराठी, पण शाळेत सगळी मुलं बोलताना हिंदीत सुरू होतात आणि मग मराठीवर येतात. मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

मग तिनं मला पाण्याच्या टाकीमागची बस सांगितली. मोडके बाक एकामागे एक लावलेले. कंडक्टर तीच, कारण आजोळच्या गावी, डोईफोडियाला, ती नेहमी बसनं जाते. पुठ्ठ्याच्या तुकड्यांची तिकिटं, त्यावर नंबर. नंबर वाचता आला नाही तर उतरायला मिळत नाही, पुढच्या गावाला जावं लागतं.

"म्हणजे तुला शंभरपर्यंत येतं?" मी विचारलं. वर्गात ती विसाच्या पुढे नुसती मान हलवायची.

"येतं. पण येतं म्हटलं की तुम्ही पुढचं पान देता."

"मग बसमध्ये तू शिकतेसच की."

"शिकत नाही. बस चालवतो आम्ही."

"आणि वर्गात आपण ठोकळे खेळतो ते?"

"तो खेळ थोडीच आहे? घंटी झाली की तुम्ही काढून घेता."

मी शब्द न् शब्द लिहिला. इतकं खरं माझ्याशी वर्गात कुणी बोललं नव्हतं, आणि ते कुणाला तरी दाखवावंसं मला वाटत होतं. वही मी मोठ्या मॅडमच्या हातात दिली.

शनिवारी पालकसभा झाली. मोठ्या मॅडमनी वही उघडली आणि माइकवर वाचायला लागल्या. नाव घेतलं नाही, पण कंडक्टर म्हटल्यावर अख्ख्या हॉलनं मागे वळून त्या मुलीच्या आईकडे पाहिलं. लोक हसले. आईच्या चेहऱ्यावर काही हसू नव्हतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "बुधवारी तिसरा पिरियड आता बसचा! आम्ही मुलांकडूनच शिकतो." टाळ्या पडल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर मी ऑफिसात गेले. "आपल्या दोघींतच राहील म्हणाला होतात."

"अगं, नाव घेतलं का मी? आणि चांगलंच झालं ना पोरांचं!" त्या टाळ्यांच्या आनंदातच होत्या. मी आणखी काही बोलायला हवं होतं.

बुधवारी वर्गात पुठ्ठ्याची पिवळी बस आली, छापलेली तिकिटं आली. त्या मुलीच्या डोक्यावर खाकी टोपी ठेवली गेली. फोटोसाठी मोबाइल वर झाले. "चल, तिकीट दे सगळ्यांना," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"मला नाही येत," ती म्हणाली.

पिरियड संपल्यावर ती माझ्याजवळ आली. घरी तिला दोन दिवस एक ते शंभर लिहायला बसवलं होतं. बोटाला शाई होती.

"दीदी, आपने बता दिया ना?"

"मी नाही गं. मोठ्या मॅडमनी वाचलं."

"वहीत कोणी लिहिलं?"

मॅडमनी मला फसवलं असं मी तीन दिवस मनाशी म्हणत होते, आणि ते खरंही होतं. पण या मुलीला मॅडमनी शब्द दिला नव्हता. मी दिला होता. मी सॉरी म्हटलं. तिनं टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि डबा खायला गेली.

ती आता पहिलीत आहे. मी दिसले की इतर शिक्षकांना म्हणते तसंच मलाही गुड मॉर्निंग म्हणते. मोठ्या मॅडमबरोबर मी डबा खात नाही. डोकं दुखतं असं सांगते. परवा गच्चीच्या दारापाशी पाचसहा मुलं दाटीवाटीनं बसून काहीतरी मोजत होती, मोठमोठ्यानं भांडत होती. मी जिन्याच्या वळणावर आले तेवढ्यात एकजण कुजबुजला, "दीदी आली." सगळी मुलं हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसली.